तिसरी हाक

शालूच्या पिशवीत मी पाण्याची बाटली, गूळ-फुटाणे, जखमेवर बांधायला स्वच्छ चिंधी आणि माझ्या भावाची पितळी शिट्टी घातली. मुलं नत्थुजींच्या बैलगाडीतून पेढी नदीपलीकडे बोरं वेचायला निघाली होती.

"चुकलीस तर जागची हलू नकोस. शिट्टी वाजव," मी बजावलं.

"पोरगी बोराले जाऊन राहिली का जर्मनच्या लढाईवर?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "अन् पोरीच्या जातीनं शिट्टी मारायची? कालेजात हेच शिकवते का?"

"आत्याबाई, पिशवीला हात लावू नका."

"काहून? नात माही नाही का?"

मी चपला शोधायला आत गेले, तेवढंच.

दुपारी गाडी परत आली. शालू गाडीत नव्हती. तिथून निघताना कोणी पोरं मोजलीच नव्हती. मी ओसरीवर धावले, तर कोनाड्यात शिट्टी.

"तुम्ही काढलीत?"

"काढली. मंग?"

बोलायला वेळ नव्हता. शिट्टी मुठीत घेऊन मी निघाले. सासूबाईही मागून आल्या.

बोरीच्या काट्यांत माझे यजमान वामनराव आणि चार माणसं शोधत होती. "शालूऽऽ" म्हणायचं, पुढे सरकायचं, पुन्हा दुसरीकडे "शालूऽऽ". उत्तर नाही. ऊन उतरायला लागलं होतं. हाक ऐकूनही ती ओ देत नसेल तर?

अचानक मी सासूबाईंकडे वळले. "रानात कोणी हाक मारली तर काय करायचं, हे तुम्ही तिला शिकवलंय ना?"

"शिकवलं. तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारते."

आणि ही माणसं एका जागी एकदाच हाक मारून पुढे जात होती!

मी उभी होते तिथेच थांबले. "शालू! शालू! शालू!"

"ओ, आई!"

वीस पावलांवरच्या झुडपाआड ती बसली होती. गूळ संपलेला, गुडघ्याला चिंधी. "बाबा एकदाच हाक मारत होते," ती रडत म्हणाली.

"पाहा, किती शहाणी केली मी तिले," सासूबाई म्हणाल्या.

घरी येताच मी शिट्टी काळ्या दोऱ्यात ओवून शालूच्या गळ्यात बांधली. गाठीवर गाठ मारली.

"सोड ते. सांगतो मी वामनले."

"सांगा. पण त्यांना हाक तीनदा मारायला सांगा," मी म्हटलं, "त्याशिवाय मी ओ देणार नाही."