गाडीचा धर्मबाप

गुरुवारी सकाळी गॅरेजात ब्रेकच्या कामाला दिलेली गाडी शनिवारची दुपार झाली तरी ठोकळ्यांवरच उभी होती. चाकं भिंतीशी रचलेली, आणि कासिल्दाचा जीव टांगणीला. सोमवारी सकाळी सातला ला पाझच्या इस्पितळात तिच्या बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आठ महिने वाट पाहून मिळालेली तारीख. म्हातारा राहायचा खाली, कोरोइकोच्या कॉफीच्या उतारावर. बसमध्ये त्याला मळमळायचं. शिवाय लेक गाडी चालवते तर मी बसने का येऊ, हा हट्ट. तेव्हा रविवारी घाट उतरून त्याला घेऊन यायचं, एवढंच काम. पण घाट असा, की आभाळाच्या उंबऱ्यावरून सुटतो तो थेट संत्र्यांच्या झाडांत. ब्रेकवाचून तिथून फक्त ढग उतरतात.

दुसरं गॅरेज बघावं, तर ती सोय नव्हती. गाडी घेतली तेव्हा कोपाकबानाच्या तळ्याकाठी पाद्रीबाबांनी तिच्यावर तीर्थ शिंपडलं, बॉनेटला फुलांच्या माळा चढल्या, चाकांवर बियर ओतली गेली, आणि गाडीचा धर्मबाप म्हणून उभा राहिला हा इलारियोन मेस्त्री. त्या दिवसापासून या धर्मनात्याने तो तिचा कोंपाद्रे, ती त्याची कोमाद्रे. भावाशी अबोला धरता येतो, कोंपाद्रेशी नाही. आणि कोंपाद्रेच्या दारी आपल्या माणसाचं काम सगळ्यांत शेवटी. गुरुवारी एक मिनीबस मध्ये घुसली, शुक्रवारी बटाट्याचा ट्रक.

"कोंपाद्रे, माझ्या गाडीला हात कधी लावणार?"

"हा काय, आत्ताच."

"तुमचं आत्ता परवापासून चाललंय."

"घरची गाडी, कोमाद्रे. घाई परक्यांना असते."

अखेर ती खुर्ची ओढून गॅरेजच्या दारातच बसली, तेव्हा मेस्त्री हलला. पुढचे ब्रेकपॅड निघाले ते नखाएवढे उरलेले, आणि डिस्कवर नांगर फिरल्यासारखे चरे. नव्या डिस्क बसल्या, पॅड बसले, मागच्या ड्रममधले लायनर बसले. राहिलं ब्रेकच्या नळीतली हवा काढणं. त्यासाठी एकाने आत पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू सैल करायचा. कासिल्दा आत बसली.

"दाबा. धरा." हवेचे बुडबुडे सुटले. "सोडा."

"आणि गिअरबॉक्सचं तेल? चढाला करपट वास मारतो. तीन वर्षांपूर्वीच बदललंत ना?"



"दाबा," मेस्त्री म्हणाला. "धरा. आणि काही झालं तरी पाय काढू नका, हवा शिरेल." मग त्याच सुरात, "ते तेल मी बदललंच नव्हतं."

कासिल्दाने पेडल आणखी घट्ट दाबलं. मेस्त्री बोलतच राहिला.

"इतक्या चाललेल्या ऑटोमॅटिक गाडीचं तेल एकदम काढलं की कधी कधी गिअरच धरत नाहीत. झिजेचा जो चुरा तेलात असतो, तोच पकड देत असतो. माझ्या हातून गाडी मेली असती तर? धर्मबाप ना मी."

"म्हणून 'बदललं' असं सांगितलंस."

'तू' ऐकून मेस्त्री चाकाआड आणखी खाली सरकला.

"तेल बदललं म्हणालास, त्या दिवशी डुकराच्या रश्श्याचं ताट वाढलं होतं मी. पोट बिघडलंय म्हणून पळालास. तुझ्या पोटासाठी मी काढा पाठवला, इलारियोन."

"प्यालो मी तो."

"सोडू का आता?"

"धरा."

तिने पेडल धरून ठेवलं. सोडायला सांगितलं तेव्हा सोडलं, आणि गाडीतून उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तेल असंच ठेवलं तर उद्या घाट चढेल?"

"उतरेल. चढताना सांगता येत नाही."

"आणि सगळं बदललं तर?"

"तेही सांगता येत नाही."

"तुला सांगता येतं तरी काय?"

मेस्त्रीने चिंध्यांना हात पुसले. "थोडं बदलू. खालचा बोल्ट काढून निघेल तेवढं काढायचं, बाकीचं आत राहू द्यायचं. जुन्या-नव्याची ओळख होऊ दे. पुढच्या महिन्यात पुन्हा थोडं."

पण बोल्टला पाना लावायचा त्याला धीर होईना. शेवटी कासिल्दाच गाडीखाली शिरली. बोल्ट सुटला, तेल आलं ते करपलेल्या कॉफीसारखं. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर राखाडी लगदा होता. मेस्त्रीने तो बोटांत चोळला, पुन्हा चोळला. "चुरा आहे. तुकडे नाहीत, म्हणजे आत काही मोडलेलं नाही." आणि नवं लालभडक तेल, निघालं तेवढंच मोजून, त्याने स्वतः ओतलं.

"उद्या सकाळी माझ्याशेजारी बसायचंस."

"रविवारी?"

"धर्मबापाला रविवार नसतो."

गाडी मूळची जपानची. तिथे स्टिअरिंग उजवीकडे होतं. इथे आल्यावर डावीकडे नेलं, आणि उजव्या बाजूला जिथे पेडल होतं तिथे पत्र्याचं ठिगळ बसलं. रविवारी घाटाच्या प्रत्येक वळणाला मेस्त्री त्या ठिगळावर पाय रोवत होता.

"तिथे ब्रेक नाही," कासिल्दा म्हणाली.

"माहितीये मला."

पुढच्या वळणाला पुन्हा पाय. ब्रेक मात्र तिच्या पायाखाली लोण्यासारखा लागत होता. ती जत्रेत गातात तशा चालीवर गुणगुणली:

धुकं चढलं घाटाला, दिसेना वाट बाई,
गाडीच्या धर्मबापाच्या पायाला थारा नाही.

मेस्त्री खिडकीबाहेर दरी बघत राहिला.

खाली म्हातारा पायरीवर गाठोडं घेऊन बसला होता. त्याने गाडीला हुंगलं. "जळका वास नाही आज." मळमळ होते म्हणून पुढची जागा त्यालाच, तेव्हा मेस्त्री मागे गेला. मागे दाबायला ठिगळही नव्हतं.

पहिल्याच चढाला गाडी थबकली, इंजिन नुसतंच ओरडलं. एक. दोन. आरशात मेस्त्रीचे डोळे मिटलेले दिसले. तीन. मग आत कुठेतरी काहीतरी धरलं गेलं, आणि गाडी चढ चढू लागली.

तीन वळणं मागे पडली.

"घरी रस्सा आहे," कासिल्दा आरशात न बघता म्हणाली. "आज थांबणार ना जेवायला, कोंपाद्रे? की पोट बिघडलंय तुमचं?"

"थांबतो," मेस्त्री म्हणाला. "वर पोचलो की सांगा. मग डोळे उघडतो."