दुसऱ्या हाताची गाठ

जुडीवरची गाठ तिची नव्हती.

मावशीने अंगठा पुन्हा दोऱ्यावरून फिरवला. ती दुहेरी गाठ मारून टोके आत दडवायची. या गाठीची टोके बाहेर लोंबत होती. काल संध्याकाळी तपासून, बांधून विक्रीच्या टाकीत ठेवलेली रोपांची जुडी कुणीतरी सोडली होती आणि परत बांधली होती. तिने दुसरी उचलली, मग तिसरी. पाणी कोपरापर्यंत ओघळत राहिले. सगळ्याच जुड्यांची टोके लोंबत होती.

तिने जुड्या होत्या तशा परत ठेवल्या.

मासे आणि काचेच्या टाक्या विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचे केस पांढरे झाले होते. पाणवनस्पतींचा माल आला की वरवरच्या गोगलगायी चिमट्याने वेचायच्या, रोपे तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग दिव्याखाली एकेक पान उलटे करून अंडी शोधायची. अंडी म्हणजे पानाच्या पाठीवरचा पारदर्शक, बुळबुळीत ठिपका, आत बारीक पांढरे कण. असा एखादा राहून गेला तरी गिऱ्हाइकाची टाकी थोड्याच दिवसांत गोगलगायींनी बुजबुजून जाई.

गेले काही महिने तिला ते कण दिसत नव्हते. जिथे बघावे नेमके तिथेच धुके, कडेचे मात्र स्वच्छ. ती अंगठ्याने चाचपायची, पण ओले पान मुळातच बुळबुळीत. धास्तीपोटी ती रोपे तुरटीत जास्त वेळ ठेवू लागली, तशी नाजूक पाने काळी पडून गळू लागली. ती पाने मुठीत चुरगाळून ती पिशवीत भरायची आणि घरी जाताना रस्त्यातल्या कचरापेटीत टाकायची. लेक म्हणायची, डोळे दाखवून घे. ती म्हणायची, बघू.

तिचे वडील शिंपी होते. नजर गेल्यावर आईने त्यांच्यापुढे बटणांचा डबा ठेवला: मोठी एकीकडे, लहान एकीकडे. केवढी मदत होते तुमची, असे आई म्हणे, आणि ते आडवे झाले की दोन्ही ढीग पुन्हा डब्यात ओते. एकदा त्यांच्या बोटांत कड तुटलेले एक बटण आले, आदल्या दिवशी त्यांनीच वेगळे काढलेले. ते बराच वेळ चाचपत राहिले, मग मुकाट्याने लहान बटणांच्या ढिगात ठेवले. त्यांचा त्या वेळचा चेहरा फक्त तिने पाहिला होता.

पुढे दुकानाचे शटर वर गेले. दुकानाची मालकीण, जिला सगळे ताई म्हणत, आली आणि तिच्यापाठोपाठ पहिले गिऱ्हाईक. लहान मुलांच्या दवाखान्यात टाकी बसवायची होती. गोगलगायी नकोत, असे त्याने बजावले. ताईने नेहमीचेच उत्तर दिले, की आमच्या मावशींच्या हातून गोगलगाय तर नाहीच, तिची नातवंडेसुद्धा सुटत नाहीत. गिऱ्हाईक हसले. मागच्या खोलीच्या पडद्याआड मावशीने दिवा जवळ ओढला.

थोड्या वेळाने ताई नव्या रोपांचे तबक घेऊन आत आली. "घाई नाही हं मावशी. निवांत बघा."

आवाज मऊ होता. आईचा असायचा तसा. ताईने खडसावले असते तर मावशीला इतकी भीती वाटली नसती.

"ताई, जुड्या तुम्ही सोडल्या होत्या?"

"कुठल्या?"

"टोकं लोंबतायत."

ताई स्टुलावर बसली. दोन गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या होत्या, ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मी जरा नजर घालते, एवढंच. कुणाला कळतसुद्धा नाही."

"मला कळलं."

"कसं सांगणार होते, मावशी? हे काम मला शिकवलं कुणी?"

मावशीने ओले हात पुसले. एकदा बोलून गेले की ही खुर्ची, हा दिवा, सकाळी किल्ली लावून आत येणे, सगळेच जाईल. तरी ती बोलली.

"मला दिसत नाही हो."

आजवर ती हे लेकीलाही म्हणाली नव्हती. ताई काही म्हणणार, तेवढ्यात मावशीने हात वर केला. कोणतेही उत्तर ऐकायची तिला धास्ती वाटत होती.

"घरी बसवायचं तर बसवा. पण कामाच्या नावाखाली खेळायला बसवू नका."

मग तिने टेबलावरच्या दिव्याची मान धरली आणि ताईच्या बाजूला वळवली. तिचे स्वतःचे हात सावलीत गेले.

"तुम्ही बघा. मी बांधते."

ताईने डोळे पुसले, पान उलटे केले. देठापाशी एक ठिपका सापडला, तो तिने नखाने खरवडून काढला आणि रोप पुढे सरकवले. मावशीने दोरा गुंडाळला. पहिली गाठ सुटली. तिने ती पुन्हा मारली, टोके आत दडवली, आणि पुढच्या रोपासाठी हात पुढे केला.