माझ्या बुडावरचा दोनचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना निळा कॅन आहे, पस्तीस लिटरचा. सुरतेत मला कारबा म्हणतात. माझी ओळख करून घ्यायची असेल तर मला उलटा करा. बुडावर तीन बाणांचा त्रिकोण आहे आणि त्यात दोनचा आकडा आहे.

१९९८ साली इच्छापोरच्या एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडलो, तेव्हाच तो आकडा मला मिळाला. मी कोणत्या जातीच्या प्लॅस्टिकचा, एवढंच तो सांगतो. मला मात्र त्याचा फार तोरा होता. पुढे बमरोलीच्या एका मिलमध्ये माझ्यात कापड रंगवायचं केमिकल भरलं आणि पोटावर धोक्याची कागदी चिठ्ठी चिकटवली. वर्षभर मी कोठाराच्या कोपऱ्यात उभा होतो. मला हात लावणारा प्रत्येक जण आधी हातमोजे घालायचा.

रिकामा झालो तेव्हा निंबानं मला घरी नेलं. तो त्याच मिलमध्ये कामाला, मूळचा खानदेशातला. वस्तीत नळाला दिवसाआड पाणी, म्हणून मिलचे रिकामे कारबे कामगार घरी नेतच असत. त्यानं मला राखेनं आणि साबणानं तीनदा धुतलं. धोक्याची चिठ्ठी पहिल्याच धुण्यात निघून गेली. शेजारचा वाल्मिक प्लॅस्टिकच्या कारखान्यात होता. त्यानं मला उलटा करून पाहिलं.

"दोन नंबर शे, भाऊ. दूध-तेलना डबा याच मालना ऱ्हातस. बिनधास्त पानी भर."

तो खोटं बोलत नव्हता. कोऱ्या डब्यासाठी ते खरंच होतं. पण माझ्या अंगात केमिकल मुरलं होतं, आणि आकड्याला त्याचा पत्ता नव्हता. मला होता. पण तोंड एवढं मोठं असून मला बोलता येत नाही.

निंबाची चार वर्षांची सोनाली दुपारी माझ्या गार अंगाला गाल लावून बसायची. हातमोज्यांशिवाय मला जीव लावून शिवणारं ते पहिलंच माणूस. मी हरखून गेलो. आणि तीच रोज माझ्यातलं पाणी प्यायची. महिनाभरात तिचं पोट दुखू लागलं, जेवण तुटलं. कुणी बर्फाच्या गोळ्याला दोष दिला, कुणी नजरेला. औषधं झाली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. तिनं गाल काढून घेऊ नये असंही मला वाटत होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

श्रावणात घरात कानबाई बसायची होती. देवीच्या नैवेद्याच्या रोटांना पीठ, पाणी, भांडी, सगळं सोवळं लागतं. निंबाची आई धुरपदाबाई माझ्यातून पाणी घेता घेता थांबली.

"यामा पहिले काय व्हतं रे, निंबा?"

"मिलनं केमिकल, माय. पन तीनदा धुयेल शे. नंबर बी चांगला शे."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. कोपऱ्यात निजलेल्या नातीकडे पाहिलं.

"जे देवले चालत नही, ते पोरले कसं चाली?"

त्याच दिवशी मी घराबाहेर आलो. शेजारणीनं मला मागितलं, पण धुरपदाबाईनं दिलं नाही. तिनं चुलीत सळई लाल केली आणि निंबाकडून माझ्या बुडाला भोक पाडून घेतलं, दोनच्या आकड्याला लागूनच. पुन्हा कुणी माझ्यात पाणी भरू नये म्हणून.

सोनाली हळूहळू सावरली. आता ती माझ्यासमोरूनच बालवाडीत जाते. माझ्याकडे बघत नाही. मी भिंतीशी आडवा पडून असतो, आणि भंगारवाला कधी येतो याची वाट बघतो.

मित्रांनो, डब्याचा आकडा वाचायला जरूर शिका. पण डबा कशाचा, एवढंच तो सांगतो. त्यात आधी काय होतं, ते विचारावं लागतं. माझ्याबद्दल आयुष्यात एकदाच कुणीतरी ते विचारलं, आणि मी एकटा पडलो. तोच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता, तर सोनालीचा गाल माझ्या अंगाला कधीच लागला नसता. तेच बरं झालं असतं.