पाच दातांचा ब्रिज

राहात्याहून डॉक्टर सत्यशीलाबाईंचा फोन आला तेव्हा लालमहंमद एका पुढच्या दाताला रंग चढवत होता. त्याने ब्रश पाण्यात टाकला आणि फोन कानाला लावला. समोरच्या टेबलावर लॅबचा मालक वैजनाथ पार्सलं सोडत बसला होता.

डॉक्टरबाईंनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, पुणतांब्याच्या पुष्पावतीबाईंचं तोंड काही शांत होत नाही. ब्रिज बसवून तीन महिने झाले, हिरड्या लाल आहेत, गालाला आतून पांढरा चट्टा आलाय, भाजीतलं तिखट सहन होत नाही.

"लालभाई, मला एकच सांगा. कार्डावर निकेल-फ्री लिहिलंय. ते बरोबर आहे ना?"

वैजनाथने मान वर केली. तो काही बोलला नाही, त्याने डोळ्याने खूणही केली नाही. पुढे कितीतरी दिवस लालमहंमदला हेच आठवत राहिलं, की त्या वेळी त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"बरोबर आहे, मॅडम. निकेल-फ्रीच आहे."

"नक्की?"

"मीच ओतलंय ना."

त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

नगरला माळीवाड्यात एका मेडिकलच्या वर तीन खोल्यांत ती लॅब होती. लालमहंमद तिथे चोवीस वर्षं काम करत होता. जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यावरून तो प्लॅस्टरचे जबडे ओतायचा, मेणाचे दात घडवायचा, त्या मेणाच्या जागी धातू ओतायचा आणि धातूवर पांढरं सिरॅमिक चढवायचा. हजारो माणसांच्या तोंडात त्याने केलेले दात होते. त्यातल्या एकाही माणसाला त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्यापर्यंत फक्त जबडे यायचे आणि बरोबर एक चिठ्ठी.

पुष्पावतीबाईंच्या चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं, की पेशंटला खोटे दागिने चालत नाहीत, कान चिघळतात, निकेल असलेला धातू नको. डावीकडच्या खालच्या दोन दाढा पडलेल्या होत्या. आजूबाजूचे तीन चांगले दात कानसून बारीक केले होते, म्हणजे त्यांच्या आधाराने पाच दातांचा ब्रिज बसला असता. घरात मुलीचं लग्न होतं, त्यामुळे काम आठ दिवसांत हवं होतं.

निकेल नसलेला धातू त्या आठवड्यात संपला होता. पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. लालमहंमदने वैजनाथला तसं सांगितलं.

"नेहमीचं घाल," वैजनाथ म्हणाला. "लग्नाचं घर हाय, थांबणार न्हाईत ते. आन् शंभरात एखादीला होतो त्रास. हिलाच होईल कशावरून?"

नेहमीचं म्हणजे निकेलचं. आणि तेही कोरं नव्हतं. आधीच्या ओतकामांतून उरलेले गोळे दोन-तीनदा वितळवून त्यात थोडं नवं मिसळलं जायचं. अशाने धातू ठिसूळ होतो, त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात, त्यांत लाळ मुरते आणि धातू हळूहळू तोंडात उतरत राहतो, हे लालमहंमदला माहीत होतं. पुण्याला एका प्रशिक्षणात त्याने ते वहीत उतरवून घेतलं होतं. वैजनाथला त्यातलं फारसं कळत नव्हतं. लालमहंमदला कळत होतं.

तरी त्याने ओतलं. साचा फोडून ब्रिज बाहेर काढला, घासून साफ केला, प्लॅस्टरच्या जबड्यावर ठेवून उजेडाकडे धरला. कुठूनही फट दिसत नव्हती. काम फार सुरेख झालं होतं आणि त्याला आनंद झाला, हेही त्याने नंतर स्वतःपासून लपवलं नाही. लॅबमध्ये त्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून पेशंटला द्यायची कार्डं तोच लिहायचा. धातूच्या रकान्यात त्याने निकेल-फ्री असं लिहिलं आणि खाली लॅबचा शिक्का मारला.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी ब्रिज परत आला. हिरडी लाल झाली होती. डॉक्टरबाईंना वाटलं, कड टोचत असेल. लालमहंमदने कड कमी केली, पुन्हा चकचकीत करून पाठवून दिला. दुसऱ्यांदा ब्रिज आला नाही, फोन आला.

त्या फोननंतर डॉक्टरबाईंनी धातूचा विचार सोडून दिला. ज्याच्यावर विश्वास होता त्या माणसाने सांगितलं होतं. मग दुसरीकडे शोध सुरू झाला. पुष्पावतीबाई पूर्वी मिश्री लावायच्या. गालाच्या आत पांढरा चट्टा आणि मिश्री, दोन्ही एकत्र आल्यावर कुठलाही डॉक्टर जो विचार करील तोच त्यांनी केला. बाईंना नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे गालाचा तुकडा काढून तपासायला दिला.

लालमहंमद दर फोनला विचारायचा, त्या पुणतांब्याच्या पेशंटचं काय झालं. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही विचारता तरी, लालभाई. नाहीतर एकदा काम गेलं की लॅबवाल्यांचा काय संबंध?"

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने, मलिकाने, विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. मलिकाने ऐकून घेतलं आणि फोन आणून त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, आधी रिपोर्ट येऊ दे. कदाचित खरंच कॅन्सर असेल, मग धातूचा प्रश्नच उरत नाही. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. मलिकाच्याही आलं. ती उठून आत गेली. एका अनोळखी बाईला कॅन्सर निघावा म्हणून आपण वाट पाहतोय, हे त्याला त्या संध्याकाळी समजलं, आणि समजूनही त्याने फोन केला नाही.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाईंनी आनंदाने सांगितलं. मात्र चट्टा गेला नव्हता, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा काढायचा ठरला. तोही काढला. मधल्या काळात जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या, बुरशीचं मलम झालं, साखर तपासून झाली. मग बाईंच्या दोन्ही हातांना खाज सुटून कातडी फुटायला लागली. हातांसाठी त्या शिर्डीला एका त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. कशाची ॲलर्जी आहे ते पाहायला त्याने पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि तिसऱ्या दिवशी सोडून पाहिल्या. एकाच पट्टीखाली कातडी सुजून लालभडक झाली होती. ती निकेलची होती.

सत्यशीलाबाई स्वतः नगरला आल्या. लॅबचा जिना चढून त्या पहिल्यांदाच वर येत होत्या. त्यांनी पर्समधून एक प्लॅस्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली. आत ब्रिजचे तीन तुकडे होते. सिरॅमिक उडालेलं होतं आणि आतला धातू काळपट पडला होता. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर दोन बाटल्यांतले थेंब टाकले आणि तो धातूवर हलकेच चोळला. कापूस गुलाबी झाला, म्हणजे धातूत निकेल होतं.

वैजनाथ बोलायला लागला. कुरिअरमध्ये अदलाबदल झाली असेल, पुण्याच्या दुकानदाराने माल चुकीचा दिला असेल, आजकाल कुणाचा भरवसा राहिलेला नाही. डॉक्टरबाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या लालमहंमदकडे पाहत होत्या.

"मी ओतलं, मॅडम," लालमहंमद म्हणाला. "निकेल आहे हे मला माहीत होतं. कार्ड मी लिहिलं. तुम्ही फोनवर विचारलं तेव्हाही माहीत होतं."

मग डॉक्टरबाईंनी डबीचं झाकण लावलं.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "सात महिने मी त्या बाईच्या तोंडात कॅन्सर शोधत होते. तिला जाऊन सांगा."

त्या गेल्यावर वैजनाथने त्याला कामावरून काढलं नाही. एवढा हात असलेला दुसरा माणूस त्याला मिळणार नव्हता. कार्डं लिहायचं काम मात्र त्याने दुसऱ्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं.

रविवारी लालमहंमद पॅसेंजरने पुणतांब्याला गेला. स्टेशनवरून चालत निघाला, दोन ठिकाणी विचारलं आणि नदीकडच्या आळीत घर सापडलं. ओट्यावर पुष्पावतीबाईंचे यजमान कारभारी लसूण निवडत बसले होते. त्याने नाव सांगितलं आणि म्हणाला, बाईंचे दात मी केले होते. कारभारींना वाटलं, नवीन दातांचं माप घ्यायला माणूस आलाय. त्यांनी आत हाक मारली.

पुष्पावतीबाई पन्नाशीच्या, उंच, अंगाने उतरलेल्या. तोंडावर पदर धरूनच त्या बाहेर आल्या. बसताना पदर क्षणभर सुटला तेव्हा लालमहंमदला दिसलं, की खालच्या डाव्या बाजूचा गाल आत गेला आहे. आधाराचे तीन दात ब्रिजखाली सडून गेले होते, ते काढावे लागले होते. शेजारचे हलत होते म्हणून तेही काढले होते. उजवीकडच्या दाढा आधीच गेलेल्या होत्या, त्यामुळे वरचे दात आता कशावर टेकतच नव्हते.

त्याने उभ्यानेच सांगितलं. धातू कोणता घालायचा होता, कोणता घातला, कार्ड कुणी लिहिलं, फोनवर काय बोलला. वैजनाथचं नाव त्याने घेतलं नाही. आपण चांगले दिसावं म्हणून नव्हे. मालकाचं नाव घेतलं असतं तर सांगण्यातलं निम्मं तिकडे गेलं असतं.

कारभारी हातातला लसूण सुपात टाकून उठले. लालमहंमदला वाटलं, ते अंगावर येतील. ते त्याच्या शेजारून गेले, पायात चपला सरकवल्या आणि आळीतून नदीच्या बाजूला चालू लागले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

पुष्पावतीबाई खाली पाहत होत्या.

"डाक्टरीनबाईंनी फोन केल्ता, तवाच सांगितलं आस्तं तर?"

"तर ब्रिज लगेच काढला असता. गालाचे तुकडे काढावे लागले नसते. दातही राहिले असते बहुतेक."

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू, पदराआडून, एकेक गोष्ट सांगितली. पहिला तुकडा काढला तेव्हा दवाखान्यातल्या बायकांनी आपापल्या घरातले कॅन्सरवाले सांगितले होते. तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं, की आता आपलं काही खरं नाही.

"सुनंला डबं दावून ठेवलं," त्या म्हणाल्या. "शेवया कुठं, कुरडया कुठं, हळद कोन्त्या डब्यात. लेक म्हायेरपनाला आली तर तिला पोटाशी घेऊन झोपायची मी, न्हाती-धुती लेक ती, नवी नवरी. तिला वाटायचं आईला काय झालंय. रिपोट चांगला आला तरी मला पटलं न्हाई. म्हनलं, चांगला हाय तर मग आग का हुती? ही लोकं मला खोटं सांगत्यात."

त्यांनी मान वर करून लालमहंमदकडे पाहिलं.

"खोटं सांगत हुतीच की," त्या म्हणाल्या. "निस्तं मानूस येगळं हुतं."

सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती. पुष्पावतीबाईंनी तिला ताट वाढायला सांगितलं. लालमहंमद नको म्हणाला, गाडी आहे म्हणाला. गाडीला अजून दोन तास आहेत, हे त्यांना माहीत होतं.

"दारात आलेलं मानूस आमच्याकडं उपाशी जात न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला माफ केलं म्हनून न्हाई सांगत."

ओसरीत दोन ताटं आली. त्याच्या ताटात बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा होता. पुष्पावतीबाईंच्या पुढे एका वाडग्यात दुधात भिजवलेला भाकरीचा चुरा होता. त्या बोटाने तो दाबून आणखी मऊ करत होत्या. मग एकेक घास जिभेवर ठेवून गिळत होत्या. पदर बाजूला झाला होता आणि आता तो ओढून घ्यायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

लालमहंमदने कांद्याची एक फोड तोंडात टाकली. ती कचकन वाजली. त्याने चावणं थांबवलं. मग भाकरीचा तुकडा भाजीच्या रश्शात बुडवला, बोटांनी कुस्करला आणि न चावता गिळायचा प्रयत्न करू लागला.

पुष्पावतीबाई पाहत होत्या.

"चावून खावा," त्या म्हणाल्या. "तुमचे हायेत ना."

घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. सूनबाईही दारातून आत गेली होती. लालमहंमदने कांद्याची दुसरी फोड उचलली, तोंडात घातली आणि चावली. मग भाकरी, मग चटणी. ताट रिकामं होईपर्यंत तो चावत राहिला आणि समोर बसून त्या ऐकत राहिल्या.