नाव घातलेला हंडा

माझी मुलगी सलोनी सासर सोडून कायमची परत आली, त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्ष माझं एकच तुणतुणं: भांडी आल्याशिवाय घटस्फोटाच्या कागदावर सही नाही. एकोणीस भांडी आणि वर तांब्याचा हंडा. एकूणएक भांड्यावर नाव घातलंय, 'बाबुराव सकपाळ यांजकडून सप्रेम भेट'. आमच्या ह्यांनी जाण्याआधी केलेलं हे शेवटचं काम. लालबागच्या दुकानात दोन तास स्टुलावर बसून एकेक नाव घालून घेतलं. ती भांडी त्या लोकांच्या फळीवर राहू देऊ? वा रे वा!

तिकडचे म्हणत, भांडी विसरा, उद्या सही करतो. कोर्टाच्या तीन तारखा ह्यातच गेल्या. मी पार थकले, पण हट्ट काही सुटेना.

काल सकाळी केर काढताना कपाटामागून पाल निघाली. आम्ही बौद्ध, शकुन-बिकुन मानत नाही, पण पाल ती पालच. हाणला झाडू. शेपूट तुटून लादीवर पडलं आणि असं वळवळायला लागलं, बाई गं! मी त्यालाच बडवत बसले.

"आई, पाल केव्हाच पळाली," सलोनी म्हणाली. ऑफिसला निघाली होती. "ती मुद्दाम टाकते शेपूट. आपण त्याच्याकडे बघत बसतो, तोवर ती सुटते."

"परत येतं?"

"येतं, पण पहिल्यासारखं नाही. आत हाड नसतं." चप्पल घालायला उंबऱ्यावर बसली ती उठेचना. "मी दमले गं आई. कुठलाही फॉर्म भरायचा तर अजून त्याचंच नाव लिहावं लागतं. पप्पांनी भांडी मला दिली ना? मी सोडली. आता तू सोड."

मी झाडू खाली ठेवला. पोर तिथे अडकून पडलीय, आणि मी धरून बसलेय काय, तर वाट्या-पेले! लाज वाटली मला.

ह्यांचे धाकटे भाऊ बुधाजी, बोलणी तेच करतात. त्यांना फोन लावला. "भावोजी, सांगा त्यांना, सही करा. भांडी नकोत."

"हंडासुद्धा, वहिनी?"

"हंडासुद्धा. भरू देत पाणी, रोज सकाळी ह्यांचं नाव वाचत."

फोन ठेवला आणि तिथेच केरात बसून रडले. सलोनी ऑफिसला गेलीच नाही.