हौसाआईचं बोंडलं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. म्हणजे तान्ह्या बाळांना दूध पाजायची लांब चोचीची वाटी. कल्याणच्या एका तांबटानं मला घडवलं आणि हौसाबाईंनी घरी आणलं. पहिलं दूध मी पाजलं ते त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, महिपतला. पोटात कमी आणि अंगावर जास्त, असं त्याचं पिणं.

पुढे हौसाबाई विधवा झाल्या. त्याच सुमारास काबूलच्या लढाईतले जखमी शिपाई येऊ लागले आणि ठाण्याच्या बाजूला फौजेच्या इस्पितळाचे तंबू लागले. हौसाबाई तिथे शुश्रूषेला राहिल्या. मलाही बरोबर नेलं. ज्याला मान उचलता येत नसे, त्याला त्या माझ्या चोचीनं पेज पाजत. डॉक्टरसाहेब हसले, तर म्हणाल्या, "मिशा असल्या म्हणून काय झालं, आत्ता तान्हंच आहे ते."

गुणाजी शिपायाचा जबडा फुटला होता. तापाच्या भरात त्यानं मला असं भिरकावलं, की माझ्या कुशीला कायमचा पोचा पडला. हौसाबाईंनी मला उचललं, धुतलं, पुन्हा भरलं. बरा झाल्यावर त्यानंच माझ्यावर नाव कोरून घेतलं, 'हौसाआई'.

लढाई संपली तरी इस्पितळ राहिलं, नऊ वर्षं हे चाललं. त्याच कमाईवर महिपत शिकला, कचेरीत कारकून झाला. मग मात्र त्याला आईची लाज वाटू लागली. सगळ्या जातींच्या जखमा धुणारी बाई, लोक काय म्हणतील? त्यानं सांगून टाकलं, आई नऊ वर्षं काशीला होती. शेजारणी काशीचं विचारायच्या, तेव्हा हौसाबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "गर्दी फार हो तिथे." मला मात्र त्या रोज स्वतः घासायच्या. माझ्यावरच्या नावावरून बोट फिरवायच्या.

त्या गेल्या. तेराव्याच्या आधीच महिपतनं मला तांबटाकडे नेलं आणि नाव घासून काढवलं.

तीन महिन्यांनी एक वाकड्या जबड्याचा म्हातारा ओटीवर आला.

"हौसाआईचं घर हेच ना?"

"हौसाबाई माझी आई," महिपत म्हणाला. "पण ती काशीला असायची. तुमची हौसाआई दुसरी कोणी असेल."

म्हातारा जायला वळला. माझ्या जिवाची तगमग झाली, पण भांड्याला कुठली वाचा? उंबऱ्याच्या आत महिपतची बायको मालन बाळाला माझ्यानं दूध पाजत होती. बाळानं फुरफुर केली, हात झाडला आणि मी घरंगळत ओटीवर गेलो. म्हाताऱ्यानं मला उचललं. घासलेल्या जागेवरून त्याचा अंगठा फिरला, मग पोच्यावर येऊन थांबला.

"नाव गेलंय," गुणाजी सावकाश म्हणाला. "पण हा पोचा माझा आहे, महिपतराव."

महिपत आत निघून गेला. मालन मात्र बाळाला घेऊन उंबऱ्यातच बसली.

"मामा, बसा ना," ती म्हणाली. "सासूबाई काशीला काय करायच्या, ते मला नीट सांगा."

मित्रांनो, जुनी भांडी हवी तर मोडीत घाला. पण ज्या हातांनी तुम्हाला भरवलं, त्यांचं नाव घासू नका. बाळ आता माझ्यानंच दूध पितं आणि मालन त्याला हौसाआईची गोष्ट सांगते. मला बरं वाटतं. तरी ज्याला पहिलं दूध पाजलं, त्यानंच मला तांबटापुढे धरलं, एवढं एक मला अजून पचलेलं नाही.