टाळ मागे गेला

करंजाचे फूल गाडीच्या टपावर पडले की 'टिच्' असा अगदी बारीक आवाज होतो. फूल फुटाण्याएवढे, वजन जवळजवळ नाहीच. पण काचा बंद असल्या आणि आत कोणी बोलत नसले, की तो आवाज नीट ऐकू येतो. इंदुमतीने मोजले होते. एप्रिलमधल्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, मिनिटाला सहा-सात. वारा सुटला की मोजण्यात अर्थ नसे.

"लिही," बाळकृष्णराव म्हणाले. "साठला शून्य. सव्वाशेला शून्य. अडीचशेला शून्य. पाचशेला एक, हजारला दोन."

ती शेजारच्या सीटवर मांडीवर पॅड घेऊन लिहीत होती.

"दोन हजारला सहा. चार हजार..." डॅशबोर्डखाली त्यांनी स्वतः बसवलेली लोखंडी पेटी होती. तिच्यावर आठ सरकत्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आवाजाच्या एकेका उंचीची. डावीकडे ढोलकीचा घुमारा, उजवीकडे घुंगरांची किणकिण. सातवी पट्टी त्यांनी बोटाने वर ढकलली. ती जाऊन वरच्या कडेला टेकली. "चार हजारला बारा. आठला नऊ. झालं?"

"झालं."

"आता ऐक."

तारनाक्याच्या त्या इमारतीच्या आवारात सोळा वर्षांची ती गाडी करंजाखाली उभी असे. रविवारी ती कुठेही जात नसे. दोघे अंघोळी आटोपून, पूजा करून, काचा वर करून आत बसत. बाळकृष्णरावांच्या मागच्या खिशात पेचकस, इंदुमतीच्या हातात पेन. बाहेरचे जग काचेपलीकडे आवाजाविना चालू राही. वॉचमनची बायको कपडे झटके, समोरच्या गच्चीत कोणी कबुतरांना दाणे टाकी, आणि ते सगळे पाण्याखालचे असावे तसे दिसे. सात वर्षे असे चालले होते. लोक देवळात जाऊन बसतात, तसे ते इथे बसत.

भजन सुरू झाले. बत्तीस वर्षांपूर्वीचे, गौलीगुड्याच्या घरातले, गुरुवारचे. आधी बाजाच्या पेटीचा सूर, मग सावित्रीबाईंचा, म्हणजे इंदुमतीच्या सासूबाईंचा, थोडा किनरा पण पक्का आवाज. मागे सात-आठ बायका. आणि या सगळ्याच्या पुढे, अगदी कानाशी वाजावा तसा टाळ. तो टाळ इंदुमतीचा होता. लग्न होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. नव्या टेपरेकॉर्डरचा माइक बाळकृष्णरावांनी आईपुढे ठेवायचा, तो बायकोपुढे ठेवला. नंतर कॅसेट लावल्यावर सावित्रीबाई म्हणाल्या होत्या, "देवाचं नाव कुठं ऐकू येतंय रे यात? नुसती सून ऐकू येतेय." बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. इंदुमतीला त्या दुपारचा उजेडसुद्धा आठवत होता. फरशीवर पडलेला, गजांच्या सावल्यांनी कापलेला.

"आता कसं?" बाळकृष्णरावांनी विचारले.

"छान."

"टाळ आला पुढं?"

"आला."

ते डोळे मिटून थांबले. मग हळूच मान हलवली. "मला नाही वाटत. मागंच आहे अजून."

बाळकृष्णराव चौतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. एवढाल्या मोटारींच्या धडधडाटात पेचकसाचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते सांगत, "हे बेअरिंग आठ दिवसांनी जाणार." आणि ते आठ दिवसांनी जाई. वरचे साहेब त्यांना 'कानवाले' म्हणत. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी गाडीतला साधा रेडिओ काढून हे सगळे मांडायला घेतले. तारा कोठीच्या बाजारातून, दारांच्या आतला आवाज शोषणारा नमदा कुठूनसा, लाकडी चौकटी घरीच कापलेल्या. पहिल्या वर्षी इतके सुरेख जमले होते, की दोघांनी तेच भजन तीनदा लावून ऐकले होते. मग दुसऱ्या वर्षी टाळ मागे गेला. तेव्हापासून ते त्याच्या मागे होते. बारीक आवाजाचे छोटे स्पीकर बदलले. मग त्यांची दुसरी जोडी बसवली. मग आणखी एक अँप्लिफायर. टाळ दर वर्षी पाऊलभर मागे सरके आणि सातवी पट्टी दर वर्षी थोडी वर.

कोणीतरी काचेवर टकटक केले. इंदुमतीने वळून पाहिले. अमृता होती, त्यांची मुलगी. गच्चीबावलीहून दर रविवारी जेवायला येणारी. तिने मागचे दार उघडले आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अय्यो बाबा! काय वरातीतला मरफा लावलाय का काय गाडीत?"

"बस. दार लाव."

"बसते, पण आधी कम करा. सुया टोचतायत कानात." ती आत बसली. "आजी गाते तोवर ठीक आहे, पण ते ठण्ण ठण्ण काय आहे? कोण ताट आपटतंय?"

"मी," इंदुमती म्हणाली.

"सॉरी आई. पण जोरदार आपटतेस."

बाळकृष्णरावांनी आरशातून मुलीकडे पाहिले. "मोबाइलच्या डब्यातलं ऐकून ऐकून तुमच्या पिढीचे कान गेले."

"हौ, माझेच गेले. थांबा, दाखवते." तिने फोन काढून काहीतरी उघडले, मागच्या सीटवरून हात लांब करून दोघांच्या मधे धरला. पडद्यावर हिरव्या रेघा थरथरत होत्या. डावीकडे गवत, उजवीकडे एकदम टेकडी. "हे बघा. हे तुमचं भजन, आणि हा इथं चारमिनार बांधलाय तुम्ही."

"दोन इंचाच्या यंत्राला काय कळतंय? त्याचा माइकच तसा असणार."

"नक्को मग, राहू द्या. मनावर नका घेऊ, लाइट घ्या बाबा. मी वर जाऊन भात लावते. शिट्ट्या मात्र तुम्ही मोजू नका, मागच्या वेळचं वरण मला अजून आठवतंय."

ती हसत उतरली. दार बंद झाले आणि पुन्हा पाण्याखालचे ते जग सुरू झाले.

वरण दोनदा करपले होते. कुकरच्या शिट्ट्या मोजणे हे बाळकृष्णरावांचे लग्नापासूनचे काम. दोन्ही वेळा ते ओट्यापासून चार पावलांवर पेपर वाचत बसले होते, आणि दोन्ही वेळा म्हणाले होते, "शिट्टी झालीच नाही." मागच्या महिन्यात एक मुलगी सायकलची घंटी वाजवत गाडीच्या डाव्या बाजूने आली, आणि त्यांनी चाक तिच्याच बाजूला वळवले. इंदुमती ओरडली, म्हणून थांबले.

इंदुमतीने मांडीवरचा कागद पाहिला. त्याच्या मागच्या बाजूला छापील चौकटी होत्या. ती जामबागेतल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षे श्रवणतपासणी करत होती. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन लावायचे, बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की त्याने बोट वर करायचे. प्रत्येक सुराला कागदावर एक खूण. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितके ऐकणे कमी. खराब छापलेले कागद ती घरी आणी. पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी होई, आणि रविवारचे हे आकडे.

मागच्या वर्षी एका रविवारी घाईत तिने कागद उलटा घेतला. बाळकृष्णराव आकडे सांगत गेले आणि तिचा हात सवयीने चौकटींत खुणा करत गेला. अडीचशे, पाचशे, हजार सरळ. मग उतार. चार हजारला खोल खड्डा, आठ हजारला थोडे वर. तिने खुणा जोडल्या आणि पेन थांबले. हा आकार ती दर आठवड्याला बघत होती. यंत्रमागवाले, जनरेटरवाले, पंपवाले. डेसिबलचे आकडे जुळत नव्हते, ते जुळणारही नव्हते. आकार जुळत होता. ज्या उंचीवर त्यांना कमी ऐकू येत होते, तिथेच ते पट्टी वर ढकलत होते. घरी जाऊन तिने तोवरच्या सहा वर्षांचे कागद एकामागोमाग मांडले. तारखांसकट. खड्डा दर वर्षी खोल होत गेला होता. नवऱ्याचे कान कसे गेले, याची नोंद तिच्याच अक्षरात होती, आणि प्रत्येक कागदाच्या दिवशी ती 'छान' म्हणाली होती.

दवाखान्यात ती परक्या माणसांना दिवसातून आठ वेळा हे सांगत असे. शांतपणे, कागद पुढे सरकवून. गेलेले परत येत नाही, पण उरलेले सांभाळता येते, यंत्र लावले की बरेचसे ऐकू येते. काही जण मान डोलावत. काही जण खोलीतून बाहेर येईपर्यंत दहा वर्षांनी म्हातारे झालेले असत. 'कानवाले' त्यांतले कोणते, हे तिला ठरवता येत नव्हते. पुढच्या रविवारी सांगू, असे करत बावन्न रविवार गेले.

भजन संपले. टिच्. थोड्या वेळाने आणखी एक, टिच्.

बाळकृष्णरावांनी पेटीचे बटण बंद केले. खिशातून पेचकस काढला, खाली वाकले आणि पेटीचा पहिला स्क्रू फिरवायला लागले.

"काय करताय?"

"काढून टाकतो. अमृता म्हणते ते बराबर आहे, नुसता कल्ला झालाय." त्यांनी स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला. "यंत्राचा दोष नाही, इंदू. सगळं तपासलं मी. कॅसेटच गेली. पेन ड्राइव्हवर घेतली तेव्हाच घासलेली असणार. टाळ त्यात राहिलाच नाही, मी उगाच शोधत बसलो."

दुसरा स्क्रूही तिच्या हातात आला. तो कोमट होता.

"तुलापण परेशान केलं. सात वर्षं छान छान म्हणत बसलीस बिचारी." ते हसले. "ते भजन पुसून टाकू. नसलेलं काय जपायचं?"

तिसऱ्या स्क्रूला पेचकस लागला होता. इंदुमतीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"एकदा लावा."

"काय करायचंय?"

"लावा तर. डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडे बघा."

त्यांनी बटण दाबले. तिने हात पुढे करून सातवी पट्टी मधोमध आणली, मग बाकीच्याही, एकेक करून, सगळ्या शून्यावर. आवाज मऊ झाला. गौलीगुड्याची ती खोली जशी होती तशी गाडीत उतरली. बाजाची पेटी, सावित्रीबाई, मागच्या बायका, कोणाची तरी बांगडी. इंदुमतीने उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि तर्जनी वर केली. खाली. पुन्हा वर. सावित्रीबाईंनी ओळ घोळवली तेव्हा बोट दुपटीने चालायला लागले, समेवर येऊन थबकले, पुन्हा निघाले. बत्तीस वर्षांत हात विसरला नव्हता.

बाळकृष्णराव बोटाकडे बघत होते.

"इथं आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"आहे."

"आणि आत्ता?"

"आत्ता पण."

बोट वर गेले. त्यांनी कान थोडा पुढे केला. बोट खाली आले. त्यांच्या चेहऱ्यावर पंपघरात असे तसे लक्ष होते, मूठ कानाला लावून आतले ऐकणाऱ्या माणसाचे. मग ते लक्ष हळूहळू आत वळले. बाहेर करंजाची फुले काचेवर उतरत होती. कडवे संपले.

"शिट्ट्या पण होत होत्या," ते म्हणाले.

"होत होत्या."

"ती सायकलवाली..."

"हो."

त्यांनी पेचकस डॅशबोर्डवर ठेवला. तो घरंगळला, तेव्हा दोघांनीही एकदमच हात पुढे केला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने कागद उलटला. छापील चौकटींची बाजू वर आली, कोरी. पेनाने तिने वरच्या ओळीत त्यांचे पूर्ण नाव लिहिले, वय लिहिले. तारखेच्या जागी उद्याची तारीख घातली. दोन्ही स्क्रू त्यांच्या तळहातात परत ठेवून मूठ मिटली.

"टाळ कॅसेटमध्येच आहे," ती म्हणाली. "उद्या दहा वाजता माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तुमचे कान मी तपासणार आहे."